कोचीच्या किनाऱ्यावर सात तास

समुद्रपर्यटनास निघालेला प्रवासी बंदरावर उतरतो तो घड्याळाकडे पाहतच. जहाज धक्क्याला लागते, शिडी सोडली जाते, ओळखपत्र दाखवून तो जमिनीवर पाऊल ठेवतो आणि त्याच क्षणी परतीच्या वेळेची मोजणी सुरू होते. स्वतंत्रपणे फिरावयास गेलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. सहा-सात तासांत एखादे शहर पाहून होत नाही, हे उघड आहे. परंतु त्या शहराची एक गोष्ट मात्र नीट पाहता येते. ती कोणती, हे आधी ठरवावे लागते. मुंबईहून निघालेले आमचे जहाज कोचीला पोहोचले तेव्हा आम्ही एवढेच ठरवले होते की, दूरदेशीहून आलेली माणसे आपापला धर्म सांभाळून या बंदरात कशी राहिली, ते पाहावयाचे.

कोचीच्या बंदराची कथाच मोठी रंजक आहे. १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला, प्राचीन मुझिरिस बंदर गाळाने भरले आणि कोचीचे मुख खुले झाले, असे परंपरेने सांगतात. पुढे सहा शतकांनी रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याने मुखाशी साचलेला वाळूचा बांध कापून मोठ्या जहाजांना आत येण्याचा मार्ग मोकळा केला. उपसलेल्या त्या गाळातूनच विलिंग्डन बेट उभे राहिले. आज पर्यटकांची जहाजे याच बेटाच्या धक्क्याला लागतात. १९२८ साली या नव्या मार्गाने आत आलेले पहिले जहाज मुंबईहून निघालेले होते. त्याचे नाव ‘पद्मा’.

बेटावरून पूल ओलांडला की मट्टनचेरी. जुन्या वखारी, अरुंद रस्ते आणि हवेत मिरी, सुंठ, वेलदोडे यांचा दरवळ. कोचीच्या राजाचा राजवाडा येथेच आहे. तो सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधून राजाला भेट दिला आणि पुढे डचांनी त्याची डागडुजी केली, म्हणून त्याला ‘डच पॅलेस’ म्हणतात. त्याच्या भिंतींवरील रामायणातील चित्रे सावकाश पाहण्यासारखी आहेत.

राजवाड्याला लागूनच ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे. ‘परदेशी सिनेगॉग’ हे त्याचे नाव. ‘परदेशी’ या शब्दाचा अर्थ मल्याळममध्येही आपल्यासारखाच. युरोपातील छळामुळे देशोधडीला लागलेल्या ज्यूंना कोचीच्या राजाने आपल्या वाड्याशेजारी जागा दिली आणि १५६८ साली ही वास्तू उभी राहिली. आत पादत्राणे काढूनच जावे लागते. पायाखाली चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आणि वर लखलखती झुंबरे. बाहेरचा घड्याळाचा मनोरा १७६० सालचा. सारे कसे जपलेले, स्वच्छ, देखणे. परंतु येथे सामुदायिक प्रार्थना क्वचितच होते. परंपरेनुसार त्यासाठी किमान दहा प्रौढ पुरुष उपस्थित असावे लागतात. १९४८ साली इस्रायलची स्थापना झाल्यावर येथील बहुतेक कुटुंबे हळूहळू तिकडे गेली आणि आज मट्टनचेरीत तेवढी माणसेही उरलेली नाहीत. रायगड जिल्ह्यातील आपल्या मराठी भाषक बेने इस्रायली बांधवांचे आठवावे. कोकणात तेल गाळण्याचा व्यवसाय करणारा, शनिवारी घाणा बंद ठेवणारा तो समाज ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाई. त्यांनाही धर्मशिक्षण देण्यासाठी कोचीहून शिक्षक येत असत.

मट्टनचेरीत गोव्याहून आलेला गौड सारस्वत समाजही शतकानुशतके नांदतो आहे. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने सिद्ध केला. १६७८ पासून ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या कामात रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचा सहभाग होता. त्यांचे कोकणी भाषेतील, नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. घर सोडून आलेल्या समाजाने नव्या भूमीला काय दिले, याचा तो लेखी पुरावाच होय.

दुपार होत आली तशी आमची पावले गुजराती रोडकडे वळली. कच्छ-सौराष्ट्रातून व्यापारासाठी आलेल्या कुटुंबांची ही वस्ती. येथे पंधरावे तीर्थंकर श्री धर्मनाथ भगवंतांचे शुभ्र संगमरवरी जिनालय आहे. १९०४ साली बांधलेल्या या मंदिरात आजही नित्य पूजा होते. चामड्याचे पट्टे, पाकिटे बाहेर ठेवून दर्शन घ्यावे, क्षणभर डोळे मिटून बसावे. वखारींचा गलबला दूर कोठेतरी राहून जातो. मध्यान्ही प्रांगणात कबुतरांना दाणे घातले जातात आणि आलेल्या पाहुण्यांच्या ओंजळीतही दाणे दिले जातात. मुंबईत या विषयावर चाललेल्या वादात येथे शिरावयाचे नाही. परंतु परक्या प्रवाशालाही आपल्या आचारात असे सहज सामावून घेणारी रीत मनात राहते. सिनेगॉगमध्ये आम्ही प्रेक्षक होतो. येथे आमच्या हाताला काम होते.

दोन्ही वास्तू एकमेकींपासून थोड्याच अंतरावर आहेत. दोन्ही समाज परके म्हणून आले, दोघांना या बंदराने जागा दिली. ज्यू बांधव गेले ते आपल्या श्रद्धेच्या भूमीकडे. त्यांना बोल लावण्याचे कारण नाही. विचार करावयाचा तो आपल्याविषयी. महाराष्ट्रातील कित्येक खेड्यांत सुंदर जिनालये आहेत, पण गावात जैनांची दोन-तीन घरेच उरली आहेत. मुले पुण्या-मुंबईस आणि तेथून परदेशी गेली. जीर्णोद्धारासाठी निधी जमतो, शिखरावर नवा कलश चढतो. मात्र सकाळच्या पूजेला पगारी पुजाऱ्याखेरीज कोणी नसते. वास्तू पैशाने राखता येते. पूजेसाठी माणूसच यावा लागतो. वर्षातून एकदा तरी मुलाबाळांसह मूळ गावच्या मंदिरात जाऊन अभिषेक करावा, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.

दुपारनंतर फोर्ट कोचीकडे गेलो. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. १५२४ साली त्याचा कोचीत मृत्यू झाला. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेण्यात आल्या. आता तेथे उरली आहे ती नुसती शिळा. किनाऱ्यावरची प्रसिद्ध चिनी जाळी मोठ्या लाकडी तुळयांवर आणि दोरांना लटकवलेल्या दगडांच्या भारावर तोललेली असतात. तो तोल पाहून नवल वाटते. जाळे वर येऊ लागले तेव्हा मात्र आमच्यापैकी काहींनी नकळत पाठ फिरवली.

या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. सिनेगॉग शुक्रवारी व शनिवारी पाहता येईलच असे गृहीत धरू नये. कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांनी सोबत कोरडा शिधा ठेवावा. खोबरेल तेलात तळलेले केळ्याचे वेफर्स येथे ताजे मिळतात. जहाजाने दिलेल्या वेळेच्या किमान तासभर आधी धक्क्यावर परतावे, म्हणजे सूर्यास्तापूर्वी भोजन करून चौविहारही निर्वेध पाळता येतो.

आमचे भोजन आटोपले तेव्हा पश्चिमेला अजून थोडा उजेड होता. जहाजाने दोर सोडले आणि ‘पद्मा’ ज्या मार्गाने आत आली होती, त्याच मार्गाने ते बाहेर पडू लागले. डेकवर उभ्या असलेल्या आमच्यातील एका आजींनी मट्टनचेरीच्या दिशेने हात जोडले. त्यांचे पाहून नातवंडांनीही जोडले.