इअरफोन निवडताना

आलापल्लीहून चंद्रपूरला जाणाऱ्या एस.टी.त इअरफोन लावून गाणी ऐकणारी मुले तुम्ही पाहिली असतील. चढावर इंजिनाची घरघर वाढली, की ती गाण्याचा आवाज वाढवतात. असे का करावे लागते?

कमी कंपनसंख्येच्या लहरींचा दाब बंद पोकळीतच टिकतो. इअरफोनची रबरी टोपी कानात नीट बसली नाही, तर फटीतून गाण्यातला खर्ज निसटतो आणि बाहेरचा गोंगाट आत शिरतो. म्हणून किंमत पाहण्याआधी टोपी पाहावी. लहान, मध्यम, मोठी अशा तिन्ही लावून पाहा. जिने तबल्याचा डग्गा भरदार वाजेल आणि बाहेरचा आवाज दबेल, ती आपली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. दर ३ डेसिबलला ध्वनिऊर्जा दुप्पट होते, म्हणून ८३ डेसिबलला वेळ २० तास, ८६ ला १० तासच! अंतःकर्णातील केसपेशी एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत.

मात्र सागवनातून सायकलने जाताना इअरफोन खिशातच ठेवा. मागच्या ट्रकचा भोंगा आणि वाघ पाहून ओरडणारे वानर, दोन्ही ऐकू यायला हवेत.