केळीची फणी, गिरणीचा कामगार आणि कायद्यातला ‘हॅण्ड’

आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा गेल्या हंगामात रावेर तालुक्यात केळीच्या पॅकहाऊसमध्ये कामासाठी गेला होता. बी.ए. झालेला, घरात पदवी घेणारा पहिलाच. तिथे भिंतीवर कामाच्या पायऱ्या इंग्रजीत लावलेल्या होत्या आणि त्यातली एक होती ‘डीहॅण्डिंग’. सुपरवायझरने अर्थ विचारला. मुलगा म्हणाला, ‘हात काढून घेणे.’ सगळे हसले, आणि तो त्या दिवशी तसाच परत आला.

खरं तर त्याचं फार चुकलं नव्हतं. इंग्रजीत केळीच्या फणीला ‘हॅण्ड’ म्हणतात आणि एकेका केळ्याला ‘फिंगर’. घडापासून फण्या वेगळ्या करणे म्हणजे डीहॅण्डिंग. आपल्याला त्या आकारात केस विंचरायची फणी दिसली, त्यांना हाताचा पंजा दिसला, एवढाच फरक. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, माल आखाती देशांत जातो, त्यामुळे हा शब्द आता इथल्या शेडमध्येही आला आहे. त्या मुलाच्या आईने उभं आयुष्य केळीच्या बागेत काढलं आहे. काम घरात होतं, फक्त त्याचं इंग्रजी नाव घरात नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही फळ्यावर एकच शब्द लिहिला, हॅण्ड. तासभरात फळा भरला. गंमत म्हणजे निम्मे अर्थ मुलांना आधीच माहीत होते. ‘हॅण्ड टू माउथ’ म्हणजे आपलं हातावर पोट. ‘राइट हॅण्ड’ म्हणजे उजवा हात. पगार ‘इन हॅण्ड’ किती आणि मोबाईल ‘सेकंड हॅण्ड’ की नवा, हे तर रोजच्या बोलण्यात आहेच. घड्याळाचा काटाही हॅण्ड, पत्त्याच्या डावात वाट्याला आलेली पानंही हॅण्ड, मुरलेला माणूस ‘ओल्ड हॅण्ड’. निबंधात येणारं ‘ऑन द अदर हॅण्ड’ मात्र एकाने ‘दुसऱ्या हातावर’ असं केलं होतं. ते आहे ‘दुसऱ्या बाजूने पाहिलं तर’. ‘गिव्ह अ हॅण्ड’ म्हणजे हातभार लावा, पण सूत्रसंचालक ‘बिग हॅण्ड’ म्हणाला की टाळ्या वाजवायच्या.

फसवणारे शब्दही आहेत. इंग्रजीत हात धुतले म्हणजे जबाबदारी झटकली. मराठीत हात धुऊन मोकळे होणे तसंच, पण हात धुऊन मागे लागणे अगदी उलट! इंग्रजीत सभेत हात वर करणं म्हणजे मत देणं किंवा प्रश्न विचारणं, तर आपल्याकडे ऐन वेळी हात वर करणारा कार्यकर्ता म्हणजे काय ते आपल्या चळवळीला सांगायला नको. शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं की इथेच पाय घसरतो.

पण माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा अर्थ वेगळा आहे. इंग्रजीत ‘हॅण्ड’ म्हणजे कामगार. कापडगिरणीतला तो ‘मिल हॅण्ड’, शेतावरचा तो ‘फार्म हॅण्ड’. अमळनेरच्या, धुळ्याच्या गिरणीत राबलेले आपले आजोबा आणि गावोगावचे सालदार इंग्रजीत असे नुसते हात होतात. त्यांचं डोकं, तोंड, नाव मोजणीत येत नाही. मराठीही फार वेगळी नाही. ‘घरात कमावते हात किती?’ असं आपणही विचारतो.

हाताला लॅटिनमध्ये ‘मानुस’ म्हणतात. मॅन्युअल, मॅन्युफॅक्चर, मॅन्युस्क्रिप्ट हे शब्द त्यातूनच आले. शेतात टाकतो ते ‘मॅन्युअर’सुद्धा मुळात ‘हाताने जमीन कसणे’ यावरून आलं आहे. ‘इमॅन्सिपेशन’मध्येही हाच हात लपलेला आहे. रोमन कायद्यात मालकी म्हणजे हातात धरणं, आणि त्या पकडीतून बाहेर काढणं म्हणजे इमॅन्सिपेशन. 1863 साली अमेरिकेत लिंकनने काढलेल्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याच्या नावात हाच शब्द आहे. दहा वर्षांनी, 1873 मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांनाच.

आता ‘मॅन्युअल’कडे येऊ. 2013 च्या कायद्याने ‘मॅन्युअल स्कॅव्हेंजर’ नेमण्यावर, म्हणजे माणसाच्या हाताने मैला उचलून घेण्यावर बंदी घातली. व्याख्या कलम 2 मध्ये आहे आणि तिच्याखाली एक स्पष्टीकरण आहे: केंद्र सरकारने अधिसूचित केलेली साधनं आणि संरक्षक साहित्य वापरून मैला साफ करणारा माणूस ‘मॅन्युअल स्कॅव्हेंजर’ समजला जाणार नाही. माणूस तोच, काम तेच, पण मधे साधन आलं की कायद्याच्या लेखी ‘हात’ नाही. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरणाऱ्यासाठी त्याच कलमात वेगळी व्याख्या आहे, ‘धोकादायक सफाई’. त्यावर बंदी आहे कलम 7 मध्ये.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितलं की मॅन्युअल स्कॅव्हेंजिंगमुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारात गुदमरून मेलेल्यांची नोंद दुसऱ्या रकान्यात होती.

म्हणून आपल्या भागात सेप्टिक टँकमध्ये कोणी दगावलं तर निवेदनात नुसतं ‘मॅन्युअल स्कॅव्हेंजिंग’ लिहून थांबू नका. ‘सेप्टिक टँकची धोकादायक सफाई’ हे शब्द आणि कलम 7 स्पष्ट लिहा, आणि सुरक्षा साहित्य दिलं होतं का, हे सोबतच्या कामगारांकडून त्याच दिवशी लिहून घ्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीलाही प्रत द्या. सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2014 च्या निकालात 1993 पासूनच्या अशा मृत्यूंसाठी कुटुंबाला 10 लाख रुपये द्यायला सांगितले होते; 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात ही रक्कम 30 लाख झाली. निवेदनावर दोन्ही तारखा घाला.