विझलेल्या दिव्याचा अर्थ

मोटारसायकलची चावी फिरवली, की मीटरमध्ये चार-पाच रंगीत दिवे लागतात. अलीकडच्या गाड्यांत त्यांतला एक पिवळा असतो, वर्तुळात ए.बी.एस. ही तीन अक्षरं लिहिलेला. गाडी सुरू केली तरी हा लगेच विझत नाही. गाडी निघाली, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाच्या जरा पुढे गेली, की मग तो विझतो. रोज पाहून पाहून आपलं त्याच्याकडे लक्षही जात नाही.

लक्ष जातं ते तो विझायचा थांबला म्हणजे. जुन्या गाड्यांची हौस असलेल्या मंडळींकडून मला अधूनमधून एक प्रश्न ऐकू येतो : ‘गाडी जुनी आहे, ए.बी.एस. बिघडलं होतं, ते काढून टाकलं आणि साधे ब्रेक बसवले. ब्रेक उत्तम लागतात. पण तो दिवा काही जात नाही. तो कसा घालवायचा?’ विचारणाऱ्याच्या लेखी काम संपलेलं असतं, दिवा म्हणजे राहिलेली किरकोळ कटकट. मला मात्र या सगळ्या कामात दिव्याचा प्रश्नच सगळ्यांत अवघड वाटतो. का, ते सांगतो.

आधी ए.बी.एस. काय करतं ते थोडक्यात पाहू. घाबरून ब्रेक करकचून दाबला, की चाक जागच्या जागी अडकतं आणि टायर रस्त्यावरून घसरायला लागतो. घसरणाऱ्या टायरची पकड फिरणाऱ्या टायरपेक्षा कमी असते. मोटारगाडीत एवढ्यानं गाडी भरकटते. दुचाकीचं पुढचं चाक अडकलं, तर तोलच जातो आणि माणूस खाली येतो. म्हणून चाकाजवळ दात असलेली किंवा भोकं पाडलेली एक चकती बसवतात आणि तिच्यासमोर एक सेन्सर. चकतीचे दात किती वेगानं पुढून जातात, यावरून चाकाचा वेग कळतो. चाक एकदम मंदावून अडकू पाहतंय असं दिसलं, की एक छोटा संगणक त्या चाकाच्या ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर कमी करतो, पुन्हा वाढवतो, पुन्हा कमी करतो. हे सेकंदात अनेकदा होतं. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं 2013 मध्ये एकाच मॉडेलच्या ए.बी.एस. असलेल्या आणि नसलेल्या मोटारसायकलींची तुलना केली, तेव्हा असलेल्या गाड्यांच्या प्राणघातक अपघातांचं प्रमाण 31 टक्क्यांनी कमी दिसलं.

आता दिव्याकडे येऊ. ए.बी.एस. ही गोष्ट अशी आहे, की ती चालू आहे की नाही हे रोजच्या वापरात कळत नाही. हॉर्न बिघडला तर दाबल्यावर कळतं. ए.बी.एस. वर्षातून एखाद्या वेळी कामाला येणार, तेही ओल्या रस्त्यावर आडवी म्हैस आल्यावर. तिथं ते बंद असल्याचं कळून उपयोग काय? म्हणून यंत्रानं दरवेळी निघताना स्वतःची तपासणी करायची आणि निकाल दिव्यानं सांगायचा, अशी रीत पडली.

तो निकाल सांगण्याची पद्धत विचारपूर्वक ठरवलेली आहे. नुसता ‘बिघाड झाला की दिवा लागेल’ असा नियम केला, तर बल्ब उडाल्यावर काय होईल? बिघाड असूनही दिवा लागणार नाही आणि चालवणारा निर्धास्त राहील. म्हणून दिवा आधी लागतो. त्यातून तो जिवंत आहे हे कळतं. मग तपासणी पुरी झाली की विझतो, त्यातून यंत्र ठीक आहे हे कळतं. लागणं आणि विझणं मिळून त्याचं एक वाक्य पुरं होतं. मी मुलांना शिकवत असे तेव्हा पहिल्या तासाला इंजिन सुरूच करू देत नसे. चावी फिरवा आणि नुसतं बघा, कोण लागलं, कोण विझलं, असं सांगायचो. मुलं कंटाळायची. पण ज्या दिव्याला आधी लागताना पाहिलेलंच नाही, त्याच्या विझलेपणाला काही अर्थ नाही, हे एकदा डोक्यात बसलं की जन्मभर पुरतं.

आणखी एक गंमत. बऱ्याच गाड्यांत या दिव्याची वायरिंग उलटी असते. दिवा लावण्यासाठी संगणकाला काही करावं लागत नाही, विझवून ठेवण्यासाठी करावं लागतं. संगणक मेला, त्याचा कनेक्टर निघाला, फ्यूज उडाला, तर दिवा आपोआप लागतो. म्हणजे अंधार राखायला कुणीतरी जागं असावं लागतं. ए.बी.एस. काढून टाकल्यावर दिवा पेटूनच का राहतो, याचं उत्तर हे आहे. त्याला विझवणारा उरलेला नाही.

हा प्रश्न ज्या गाड्यांच्या बाबतीत सगळ्यांत जास्त निघाला, त्या बीएमडब्ल्यूच्या. आपल्याकडे त्या वेळच्या या गाड्या मोजक्याच, पण युरोप-अमेरिकेत त्या हजारोंनी धावल्या. मोटारसायकलवर इलेक्ट्रॉनिक ए.बी.एस. बाजारात आणण्याचा मान याच कंपनीचा, 1988 मध्ये, के 100 मालिकेवर. ते धूड सुमारे 11 किलोचं होतं. (पुढे 2010 च्या सुमारास बॉशनं मोटारसायकलसाठी केलेलं युनिट 700 ग्रॅमपर्यंत खाली आलं, यावरून प्रगतीचा अंदाज यावा.) मग 2001 पासून कंपनीनं ‘इंटिग्रल ए.बी.एस.’ आणलं. त्यात दोन नवीन गोष्टी होत्या. एक, पुढचा आणि मागचा ब्रेक एकमेकांना जोडलेले. आर 1150 आरटीसारख्या प्रवासी गाडीत हातानं दाबा की पायानं, दोन्ही चाकांना ब्रेक लागायचा. आर 1150 जीएसमध्ये हाताचा लिव्हर दोन्हींना आणि पायाचा पेडल फक्त मागच्याला. दुसरी गोष्ट म्हणजे विजेची मोटर लावलेला सर्व्हो पंप. बोटानं हलकेच दाबलं, की पंप घूंऽ करून जोर लावायचा.

यंत्र हुशार होतं, पण त्याचा स्वभाव वेगळा होता. साध्या ए.बी.एस.मध्ये बिघाड झाला, तर साधा ब्रेक शाबूत राहतो, फक्त चाक अडकू न देण्याची सोय जाते. इथं बिघाड झाला, की पंपाचा जोर जायचा आणि जो ब्रेक दोन बोटांनी लागत होता, त्यासाठी मूठ आवळावी लागायची. चावी बंद करून गाडी उतारावरून ढकलत नेतानाही तेच. गाड्या जुन्या झाल्या, युनिटं बिघडू लागली आणि नव्या युनिटची किंमत जुन्या गाडीच्या किमतीशी बरोबरी करू लागली. कंपनीनं 2006-07 मध्ये सर्व्हो सोडून दिला आणि वेगळ्या रचनेचं ए.बी.एस. घेतलं. जुन्या गाड्यांच्या मालकांपैकी काहींनी आपला मार्ग स्वतः काढला : युनिट काढायचं, मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत सरळ नवे होज टाकायचे, नवं ऑइल भरून हवा काढायची. ब्रेक झाला साधा.

या निर्णयाला मी मूर्खपणा म्हणणार नाही. कधी दगा देईल याचा भरवसा नसलेल्या पंपापेक्षा, ज्याचा अंदाज हाताला बरोबर येतो असा साधा ब्रेक बरा, हे म्हणणं समजण्यासारखं आहे. पण युनिट काढल्यानं काय काय जातं, याची यादी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नसते. पुढच्या-मागच्या ब्रेकची जोडणी जाते. वर्षानुवर्षं फक्त पायानं दोन्ही चाकं थांबवायची सवय लागलेल्या माणसाला आता पायानं फक्त मागचं चाक मिळतं. शिवाय या गाड्यांत ब्रेक दाबल्यावर लागणारा मागचा लाल दिवाही त्या युनिटमधूनच जायचा. म्हणजे युनिट काढलं आणि वायरिंग नव्यानं केलं नाही, तर गाडी थांबतेय हे मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला कळणारच नाही. मालक पुढच्या दिव्याची चिंता करत बसतो आणि जीव अवलंबून असतो मागच्या दिव्यावर!

आता तो पुढचा दिवा. माझ्या पाहण्यात तो घालवण्याचे तीन प्रकार आहेत.

पहिला, सोपा : मीटर उघडून बल्ब काढायचा, किंवा काचेवर आतून काळी चिकटपट्टी लावायची. यात अडचण अशी, की आर 1150 सारख्या गाडीत ए.बी.एस.च्या दिव्याबरोबर त्रिकोणाचा एक सर्वसाधारण इशाऱ्याचा दिवाही लागतो. तो मागचा बल्ब उडाला तरी लागायचा. दोन्ही दिवे कटकट म्हणून काढले, तर गाडीची तोंडं एकाऐवजी दोन बंद झाली.

दुसरा प्रकार चतुर आहे आणि मला त्याचा राग येतो. ए.बी.एस.च्या दिव्याची वायर ऑइल प्रेशरच्या दिव्याला जोडायची, किंवा मध्ये एक टायमर-रिले घालायचा. मग चावी फिरवली की दिवा लागतो आणि थोड्या वेळानं अगदी शहाण्यासारखा विझतो. पाहणाऱ्याला वाटावं, तपासणी झाली, सगळं ठीक. प्रत्यक्षात तपासणारा कुणीच नाही. मोटारींच्या जुन्या बाजारात एअरबॅगच्या दिव्याबाबत हीच करामत करतात. बल्ब काढणारा दिव्याला गप्प करतो, हा त्याला खोटं बोलायला लावतो. आणि ज्या खुणेवरून घेणाऱ्यानं खरंखोटं ओळखायचं, तीच खूण यात चोरलेली असते.

तिसरा प्रकार मला मान्य आहे, पण तो करताना कुणी फारसं दिसत नाही. यंत्र खरोखरच गाडीत नसेल, तर कायम पेटलेला दिवाही बरोबर नाही. सतत ओरडणाऱ्याकडे डोळा दुर्लक्ष करायला शिकतो आणि मग शेजारचा ऑइलचा लाल दिवाही नजरेतून सुटतो. तेव्हा दिवा जरूर काढावा, पण त्याच्याबरोबर ती तीन अक्षरंही काढावीत. मीटरवरचं चिन्ह झाकावं, मडगार्डवर किंवा टाकीखाली ‘ए.बी.एस.’ लिहिलेलं असेल ते खरवडावं, त्रिकोणाचा दिवा आणि मागचा ब्रेकचा दिवा नीट चालू ठेवावा. गाडीकडे पाहून कुणालाही कळावं, की इथं ए.बी.एस. नाही. ‘आहे आणि ठीक आहे’ असं वाटता कामा नये.

हे सगळं करायच्या आधी एक करावं. दिवा खरंच काय सांगतोय ते ऐकावं. बीएमडब्ल्यूच्या त्याआधीच्या आर 1100 गाड्यांत हा दिवा लुकलुकायला लागला, की मालक घाबरून युनिटच्या किमती काढायचे आणि पुष्कळदा दोष बॅटरीचा निघायचा. बॅटरी थकली, की स्टार्टर फिरताना व्होल्टेज पडतं, त्या क्षणी ए.बी.एस.ची तपासणी नापास होते. इंजिन सुरू असताना चावी बंद करून पुन्हा गाडी चालू केली, की दिवा शहाणा होतो. आपल्याकडच्या गाड्यांतही तसंच. सेन्सरवर चिखल आणि लोखंडाचा कीस बसलेला असतो, टायर बदलताना पंक्चरवाल्याच्या टॉमीनं दात असलेली चकती वाकलेली असते, किंवा मोठी डिस्क बसवताना सेन्सर आणि चकती यांतलं अंतर बदललेलं असतं. यांतलं कुठलंही काम ए.बी.एस. काढण्यापेक्षा स्वस्त आहे.

कायद्याचंही सांगतो. जर्मनीत ब्रेकसारख्या भागात असा बदल केला आणि तो तपासून कागदपत्रांत नोंदवून घेतला नाही, तर गाडीची रस्त्यावर चालवण्याची परवानगीच संपते. आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार त्यानुसार करता येत नाही. त्यात 125 सीसीवरच्या नव्या दुचाक्यांना, नवीन मॉडेलांसाठी 1 एप्रिल 2018 पासून आणि चालू मॉडेलांसाठी 1 एप्रिल 2019 पासून, ए.बी.एस. सक्तीचं झालं. म्हणजे त्यानंतर बनलेल्या गाडीतून ते काढणं हा हौशीचा प्रश्न राहत नाही. या पहिल्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात जात आहेत आणि दिव्याचा प्रश्न त्यांच्याबरोबर आपल्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये येणार आहे.

जुनी गाडी घ्यायला गेलात, तर इंजिनचा आवाज ऐकण्याआधी चावी फिरवून मीटरकडे बघा. ए.बी.एस.चा दिवा लागलाच नाही, तर विचारा. लागला आणि गाडी जागची हललेली नसतानाच विझला, तरीही विचारा, कारण चाकं फिरल्याशिवाय सेन्सरची पुरती तपासणी व्हायची कशी? मग मोकळ्या जागेत, सुक्या सपाट रस्त्यावर, सावकाश वेगात मागचा ब्रेक जोरात दाबून बघा. पेडल पायाखाली थरथरलं आणि चाक फिरत राहिलं, तर यंत्र जागं आहे. चाक सरळ घसरलं, तर मीटरवर काहीही दिसो, मागच्या चाकाला ए.बी.एस. नाही असंच धरा. आणि विकणारे तुम्ही असाल, तर काढलेलं युनिट भंगारात देऊ नका. खोक्यात घालून, काय काढलं आणि कधी काढलं याची चिठ्ठी लावून, गाडीबरोबर घेणाऱ्याच्या हातात द्या.