उन्हाळी पाहुणे येताहेत; खोल्यांआधी पाण्याचा हिशेब मांडा

नाशिक : शाळांच्या परीक्षा आटोपल्या की मुंबई-ठाण्याची मंडळी इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी भागातल्या कृषी पर्यटन केंद्रांकडे आणि घरगुती खोल्यांकडे वळतात. बुकिंगचे फोन सुरू झाले की मालक रंगरंगोटी काढतो, गाद्या उन्हात टाकतो. पण मे महिन्यात धंदा अडतो तो पाण्यावर.

जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस याच पश्चिम पट्ट्यात, इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यात पडतो. तरी एप्रिल लागला की विहिरी तळ गाठतात. खाली काळा कातळ, वर उतार. पाणी मुरत नाही, वाहून जातं. म्हणून आधी हिशेब करावा. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात. जलजीवन मिशनमध्ये गावासाठी माणशी 55 लिटर धरलं आहे. चार खोल्या आणि बारा पाहुणे म्हटलं तर शहरी सवयीने रोज 1,620 लिटर लागणार, म्हणजे 10 हजार लिटरचा टँकर जेमतेम सहा दिवस. त्यात रेन डान्स नि पोहण्याची टाकी आली की हिशेबच संपला. गावातल्या बाया हंडा घेऊन रांगेत उभ्या आणि शेजारच्या कुंपणात कारंजं उडतंय, हे गाव फार दिवस बघून घेत नाही. घेऊही नये. सरकारी टँकर गावाच्या पिण्यासाठी असतो, तो केंद्राच्या टाकीत रिकामा करायचा नसतो.

शॉवर बंद करून बादली-तांब्या ठेवला की बरंच पाणी वाचतं. खोलीत दोन ओळींची पाटी लावली तर पाहुणे ऐकतात, उलट लेकरांना बादलीचीच मजा वाटते. न्हाणीचं पाणी केळी-अळूला सोडावं, उरलेलं शोषखड्ड्यात.

टाकी हंगामाआधी रिकामी करून घासून धुवावी. पाण्यात टीसीएल पावडर 1,000 लिटरला 5 ग्रॅम या मापाने टाकावी. आधी बादलीत कालवून, खाली गाळ बसला की वरची निवळी टाकीत ओतावी आणि पिण्याआधी अर्धा-एक तास थांबावं. जुनी, ओलसर झालेली पावडर निकामी असते. गच्चीवरची काळी टाकी गोणपाटाने झाकली नाही तर दुपारी नळाला चटका बसेल असं पाणी येतं.

पत्रा तापला की खोलीची भट्टी होते. रात्रभर भिजवलेल्या चुन्यात थोडं फेविकॉल घालून पत्र्यावर दोन हात मारले तर फरक जाणवतो. कुडाच्या, शेणाने सारवलेल्या भिंती मुळातच थंड. त्या पाडून पत्र्याचं शेड उभं करणाऱ्यांनी एकदा विचार करावा. पत्र्यावर भाताचा पेंढा घालायचा तर चूल आणि वायरिंग लांब हवी. वणव्याचे दिवस असतात, तेव्हा आवाराभोवती चार-पाच हात रुंद गवत काढून मोकळा पट्टा ठेवावाच.

साप-विंचू थंडाव्याला आणि पाण्याला येतात. दाराखालच्या फटी बुजवाव्यात, लाकडं-विटांचा ढीग खोलीपासून लांब न्यावा, रात्री वाटेवर दिवा ठेवावा. दंश झालाच तर कापाकापी नाही, भगत नाही. 108 ला फोन लावून थेट ग्रामीण रुग्णालय गाठायचं. नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात हवा.

सगळ्यात मोठा धोका मात्र धरणाचा. दारणा, भावली, वैतरणा, मुकणे इथे पाणी उतरलं की काठ सोपा दिसतो, आत गाळ आणि एकदम खोली. पोहायला जाणाऱ्या पाहुण्याला तोंडावर नाही म्हणावं. राग आला तरी चालेल.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 चं आहे. पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी केली की मिळालेलं प्रमाणपत्र बँकेत कर्जासाठी दाखवता येतं. येणाऱ्याचं ओळखपत्र आणि रजिस्टर रोजचं. परदेशी पाहुणा असेल तर 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते.

जेवणात नागलीची भाकरी, कैरीचं पन्हं, करवंदं भरपूर ठेवावीत. मे महिन्यात द्राक्षं मागणारे हमखास निघतात. हंगाम संपला, हे बुकिंगच्या फोनवरच सांगितलेलं बरं. मेअखेरीस झाडांवर काजवे दिसू लागतात. ते दाखवायचे तर गाडीचे दिवे आणि मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवून, पायी न्यावं.