आनुवंशिक कर्करोग-जोखीम आणि प्रतिबंधात्मक शस्त्रक्रिया

कर्करोग झालेला नसताना, तो होण्याची शक्यता कमी करण्यासाठी स्तन किंवा बीजांडकोश व बीजवाहिन्या काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेस प्रतिबंधात्मक किंवा जोखीम घटवणारी शस्त्रक्रिया म्हणतात. बीआरसीए१ व बीआरसीए२ या जनुकांत रोगकारक उत्परिवर्तन असलेल्या स्त्रियांना प्रामुख्याने हा पर्याय सुचवला जातो. शस्त्रक्रिया निरोगी शरीरावर होते आणि तिचे परिणाम कायमस्वरूपी असतात. त्यामुळे तिचा निर्णय वैद्यकीय आकडेवारीबरोबरच वय, अपत्यांचा विचार, कुटुंब आणि खर्च यांवरही अवलंबून असतो.

आनुवंशिक आधार

अमेरिकी शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये १७ व्या गुणसूत्रावर स्तनांच्या कर्करोगाशी संबंधित जनुकाचे स्थान दाखवून दिले. हे बीआरसीए१ जनुक १९९४ मध्ये, तर १३ व्या गुणसूत्रावरील बीआरसीए२ जनुक १९९५ मध्ये ओळखले गेले. ही जनुके पेशीतील डीएनएची मोडतोड दुरुस्त करण्यास मदत करतात. त्यांतील दोष आई किंवा वडील कोणाकडूनही येऊ शकतो आणि प्रत्येक अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, तो जाण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणून कौटुंबिक इतिहास नोंदवताना मावशी व आजी यांच्याइतकीच आत्याही महत्त्वाची ठरते. विवाहाने नात्यात आलेल्या काकू किंवा मामीचा आजार मात्र त्यात धरला जात नाही.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनांचा कर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए१ दोष असलेल्या स्त्रियांत सुमारे ७२ टक्के, तर बीआरसीए२ दोष असलेल्या स्त्रियांत सुमारे ६९ टक्के असते. बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ४४ व १७ टक्के आहे. स्तनांचे बहुसंख्य कर्करोग आनुवंशिक नसतात. त्यामुळे कुटुंबातील एका स्त्रीस उतारवयात झालेला आजार एवढ्यावरून असा दोष असल्याचे मानले जात नाही.

शस्त्रक्रिया व इतर पर्याय

दोन्ही स्तन काढल्यास स्तनांच्या कर्करोगाची शक्यता सुमारे ९० टक्के किंवा त्याहून अधिक घटते. मात्र वार्षिक एमआरआय तपासणी व गरजेनुसार मॅमोग्राफी यांद्वारे आजार लवकर ओळखण्याचा पर्यायही उपलब्ध असतो. काही स्त्रियांना टॅमॉक्सिफेनसारखी औषधे दिली जातात. त्यामुळे स्तनांच्या बाबतीत शस्त्रक्रिया हा अनेक पर्यायांपैकी एक मानला जातो.

बीजांडकोशाच्या बाबतीत परिस्थिती वेगळी आहे. सोनोग्राफी व सीए-१२५ ही रक्तचाचणी यांमुळे या कर्करोगाचे मृत्यू कमी होतात असे दिसून आलेले नाही. त्यामुळे अपत्ये झाल्यानंतर बीआरसीए१ दोष असलेल्या स्त्रियांना साधारणतः ३५ ते ४० आणि बीआरसीए२ दोष असलेल्यांना ४० ते ४५ या वयात बीजांडकोश व बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला दिला जातो. या शस्त्रक्रियेने तरुण वयातच रजोनिवृत्ती येते. अंगातून गरम वाफा येणे, हाडे ठिसूळ होणे, हृदयविकाराची शक्यता वाढणे हे तिचे परिणाम असून त्यांवर उपचार करावे लागतात. उदरपटलाच्या कर्करोगाची अल्प शक्यता शस्त्रक्रियेनंतरही उरते.

अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी बीआरसीए१ दोषामुळे स्तनांची शस्त्रक्रिया करून घेतल्याचे मे २०१३ मध्ये आणि बीजांडकोशांची शस्त्रक्रिया केल्याचे मार्च २०१५ मध्ये जाहीर केले. त्यानंतर हा विषय जगभर चर्चेत आला.

चाचणीच्या निष्कर्षाचा अर्थ

चाचणीत कधी ‘अनिश्चित अर्थाचा बदल’ आढळतो. हा बदल रोगकारक आहे की निरुपद्रवी, हे ठरवण्याइतकी माहिती तेव्हा उपलब्ध नसते. केवळ अशा निष्कर्षावरून शस्त्रक्रिया करू नये, असे वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. जनुकांचा संदर्भसंग्रह मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून तयार झाल्याने भारतीय, तसेच अमेरिकेतील लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रियांमध्ये असे निष्कर्ष तुलनेने अधिक येतात. मेक्सिकन वंशाच्या अनेक कुटुंबांत बीआरसीए१ जनुकाचा एक मोठा तुकडा गळालेला आढळतो. केवळ लहान बदल शोधणाऱ्या चाचण्यांतून असा दोष निसटतो.

महाराष्ट्रातील स्थिती

ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनांच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत सुरू केली. या नोंदणीतून मुंबईतील पारशी स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा अधिक असल्याचे दिसून आले. उशिरा होणारे विवाह व कमी अपत्ये ही त्याची महत्त्वाची कारणे मानली जातात. म्हणजेच एखाद्या समाजातील वाढलेले प्रमाण सर्वस्वी जनुकांमुळेच असते असे नाही.

मुंबईत परळ येथे १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय आणि खारघर येथील त्याचे संशोधन केंद्र येथे कर्करोग-आनुवंशिकीविषयक सेवा व संशोधन चालते. नाशिक शहरात कर्करोगावर उपचार करणारी रुग्णालये आहेत, तसेच १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही येथेच आहे. जनुकचाचणीसाठी रक्ताचा किंवा लाळेचा नमुना पुरतो आणि तो दुसऱ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवता येतो. त्यामुळे चाचणीसाठी प्रवास आवश्यक नसतो; चाचणीपूर्वीचे व नंतरचे समुपदेशन मात्र प्रशिक्षित व्यक्तीकडूनच व्हावे लागते.

निर्णयावर परिणाम करणारे घटक

शक्य असल्यास कुटुंबातील कर्करोग झालेल्या व्यक्तीची चाचणी प्रथम केली जाते. तिच्यात रोगकारक दोष आढळल्यास इतर नातेवाइकांत नेमका तोच दोष शोधता येतो. ज्या बहिणीत तो नसतो, तिला शस्त्रक्रियेची व त्या दोषापोटी कराव्या लागणाऱ्या विशेष तपासण्यांची गरज उरत नाही. याच कारणाने चाचणीचा निष्कर्ष नातेवाइकांना कळवणे महत्त्वाचे ठरते. अविवाहित मुलींच्या विवाहात अडचण येईल या भीतीने निष्कर्ष लपवला गेल्यास त्याच मुली वेळेवर मिळू शकणाऱ्या संरक्षणाला मुकतात. निष्कर्ष कोणाला, केव्हा सांगायचा हा अधिकार चाचणी केलेल्या व्यक्तीचा असतो. समुपदेशक तिला त्यासाठी साहाय्य करतात.

फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हृदयविकाराच्या एका प्रकरणात आनुवंशिक विकाराच्या सरसकट कारणावरून आरोग्य विमा नाकारणे भेदभावाचे असल्याचा निर्णय दिला. मात्र निरोगी स्त्रीच्या प्रतिबंधात्मक शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपनीने द्यावा, असे त्या निर्णयातून ठरत नाही. त्यासाठी विमापत्रातील अटी पाहाव्या लागतात.

रोगकारक दोष आढळला तरी बहुधा निर्णय तातडीने घ्यावा लागत नाही. पंचविशीतील स्त्री नियमित स्तनतपासणी सुरू करून अपत्यांचा विचार आधी करू शकते आणि शस्त्रक्रियेचा निर्णय पुढे घेऊ शकते. बीजांडकोशांबाबत मात्र शिफारस केलेले वय उलटून गेल्यास, केवळ तपासण्यांच्या भरवशावर थांबणे सुरक्षित मानले जात नाही.