इंग्लंडमध्ये घरचा बॉयलर बदलताना: परवानगी कोणाची घ्यायची?

आजचा विषय तसा रुक्ष आहे, पण इंग्लंडमध्ये घर घेतलेल्या आपल्या माणसांकडून हा प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो. जुना गॅस बॉयलर काढून नवा बसवायचाय, तर कौन्सिलची परवानगी लागते का? बहुतेक घरांना आधी अर्ज करावा लागत नाही. पण अर्ज नाही म्हणजे नियमही नाहीत, असं बरेच जण धरून चालतात, आणि घोटाळा तिथेच होतो. (आपण बोलतोय ते इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडची बांधकाम-नियमावली वेगळी आहे.)

आपल्याकडे पूर्वी बंब असायचा, मग न्हाणीघरात गॅसचा गीझर आला. दुकानातून आलेला माणूस तो थोड्या वेळात लावून देतो, कागद कोणी मागत नाही. आणि बंद न्हाणीघरात गीझरच्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावल्याच्या बातम्याही आपण वाचलेल्या असतात. या वायूला रंग नाही, वास नाही. इथले नियम वाचताना एवढं ध्यानात ठेवलं, की निम्म्या नियमांचं कारण आपोआप कळतं.

आता मूळ मुद्दा. आपल्याला दिसतो तो भिंतीवरचा पांढरा डबा. नियम मात्र त्याला जोडलेल्या नळ्यांवरून समजून घेणं सोपं जातं, कारण प्रत्येक नळीसाठी विचारायचा माणूस वेगळा.

पहिली, गॅस आत आणणारी. 1998 च्या गॅस सुरक्षा नियमांप्रमाणे हे काम ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंद असलेल्या इंजिनिअरकडूनच करून घ्यायचं. 2009 पर्यंत ही नोंद ‘कॉर्गी’कडे असे, म्हणून जुने लोक अजूनही ‘कॉर्गीवाला’ म्हणतात. इंजिनिअर दारात आला की त्याचं ओळखपत्र बघा. मित्राने पाठवलेल्या माणसाकडे कार्ड काय मागायचं, असं आपल्याला वाटतं. मागा, त्याला त्याची सवय असते. आणि कार्ड उलटून बघा. तो कोणकोणत्या कामांना पात्र आहे ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. शेगडी जोडायला पात्र असलेला माणूस बॉयलरसाठी पात्र असेलच असं नाही.

काम झाल्यावर पुढचा भाग, आणि आमच्या मते हाच सगळ्यात दुर्लक्षित. बॉयलर बसवलेला कौन्सिलला कळवावा लागतो. नोंदणीकृत इंजिनिअर आपलं काम नियमाप्रमाणे असल्याचं स्वतः प्रमाणित करू शकतो, आणि 30 दिवसांत गॅस सेफमार्फत ती माहिती कौन्सिलकडे जाते. मग घरमालकाला ‘बिल्डिंग रेग्युलेशन्स कंप्लायन्स सर्टिफिकेट’ मिळतं. बॉयलरच्या वॉरंटीचा कागद वेगळा, हा वेगळा. काही आठवड्यांत आला नाही तर इंजिनिअरला फोन करा. पुढे कधी घर विकायला काढलंत, की खरेदीदाराचा सॉलिसिटर हाच कागद मागतो, आणि तोवर तो इंजिनिअर कुठे असेल सांगता येत नाही.

दुसरी नळी धूर बाहेर सोडणारी. तिला इथे फ्लू म्हणतात, आजार नव्हे! बहुतेक वेळा ती बाहेरच्या भिंतीतून निघते. पंख्याच्या फ्लूचं तोंड उघडणाऱ्या खिडकीपासून किमान 300 मिलिमीटर लांब हवं, मग खिडकी आपली असो की शेजाऱ्याची. स्वतंत्र घराला यासाठी सहसा प्लॅनिंगची परवानगी लागत नाही. संवर्धन क्षेत्रात मात्र रस्त्याकडच्या दर्शनी भिंतीवर फ्लू काढायचा तर आधी कौन्सिलला विचारा. घर ‘लिस्टेड’ म्हणजे वारसा-यादीतलं असेल आणि नवं भोक पाडायचं असेल, तर लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट लागू शकते. जिथे ती लागते तिथे ती न घेता काम करणं हा फौजदारी गुन्हा आहे.

फ्लॅटवाल्यांनी इथे कान टवकारावेत. लीजहोल्ड फ्लॅटची बाहेरची भिंत बहुधा आपली नसते, फ्रीहोल्डरची असते. बॉयलर आपला, भोक त्यांच्या भिंतीला! त्यामुळे आधी लीज काढून वाचायचं आणि लेखी संमती घ्यायची. इंजिनिअर हे बघत नाही, ते त्याचं कामही नाही.

तिसरी नळी छोटी, पाणी बाहेर टाकणारी. एप्रिल 2005 पासून नवा गॅस बॉयलर, थोडे अपवाद सोडले तर, कंडेन्सिंग जातीचाच बसवावा लागतो, आणि त्यातून किंचित आम्लधर्मी पाणी ठिबकतं. ही नळी घराबाहेरून नेली तर हिवाळ्यात गोठते आणि ऐन थंडीत बॉयलर बंद पडतो. शक्यतो आतूनच न्या.

बाकीचं पटकन. एप्रिल 2018 च्या ‘बॉयलर प्लस’ नियमांनी 92 टक्के कार्यक्षमता आणि वेळ व तापमान ठरवणारं नियंत्रण सक्तीचं केलं. कॉम्बी बॉयलरला आणखी एक ऊर्जाबचतीची सोय लागते. ऑक्टोबर 2022 पासून नव्या बॉयलरच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लागतो. कोटेशनमध्ये या गोष्टी दिसत नसतील तर विचारा.

शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न घेऊ. भाडेकरूने काय करायचं? बॉयलर घरमालकाचा असेल तर काहीच बदलायचं नाही, त्याला लेखी कळवायचं. गॅसच्या उपकरणांची दर 12 महिन्यांनी तपासणी करून घेणं हे घरमालकाचं कायदेशीर काम आहे, आणि त्याची नोंद 28 दिवसांत तुमच्या हातात पडायला हवी. दुसरा प्रश्न, सर्टिफिकेट हरवलं तर? बॉयलरची नोंद झालेली असेल तर गॅस सेफ रजिस्टरकडून शुल्क भरून दुसरी प्रत मिळते. नोंदच झाली नसेल तर ज्याने बसवला त्याला गाठावं लागतं; तो सापडत नसेल तर कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोल विभागाशी बोला, आणि ते घर विकायला काढण्याआधी बोला.