रिझर्व्हचा कॉक

ज्यांनी जुनी स्कूटर चालवली आहे, त्यांना हा अनुभव नक्की असेल. भर रस्त्यात इंजिन गचके देऊ लागतं. चालत्या गाडीवरच आपला हात खाली जातो, पेट्रोलचा कॉक चाचपून रिझर्व्हवर फिरवतो आणि गाडी पुन्हा धावू लागते. रिझर्व्हही संपलं असेल, तर गाडी कडेला घ्यायची, तिरपी करून पाहायची आणि पंपापर्यंत ढकलायची. फार तर घाम निघतो.

आकाशात मात्र रस्त्याची कडा नसते.

चार-दोन माणसांच्या छोट्या विमानात पेट्रोल बहुधा पंखांत असतं. एक टाकी डावीकडे, एक उजवीकडे. कोणत्या टाकीतून इंजिनाला पेट्रोल जावं, हे वैमानिकासमोरचा कॉक ठरवतो. काही विमानांत दोन्ही टाक्या एकदम जोडता येतात. काहींत एका वेळी एकच, म्हणून वैमानिक घड्याळ पाहून टाकी बदलत राहतो. यामुळे एक विचित्र गोष्ट घडू शकते. एका टाकीत पेट्रोल शिल्लक असतं आणि तरीही इंजिन उपाशी मरतं. पेट्रोल संपणं वेगळं आणि पेट्रोल असून न पोहोचणं वेगळं.

‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ गाणारे जॉन डेन्व्हर आपल्याकडेही अनेकांनी ऐकले आहेत. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागरात त्यांचं विमान कोसळलं आणि ते गेले. वय ५३. ते नवशिके नव्हते. २,७०० तासांहून अधिक उड्डाणांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. पण हे ‘लाँग-ईझी’ जातीचं, घरगुती बांधणीचं विमान त्यांनी नुकतंच घेतलं होतं.

मूळ आराखड्यात टाकी बदलण्याचा कॉक वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये होता. बांधणाऱ्यानं तो डाव्या खांद्याच्या मागे नेला. हेतू चांगलाच होता, पेट्रोलची नळी बसायच्या जागेत येऊ नये हा. पेट्रोल दाखवणाऱ्या काचाही पाठीमागेच होत्या आणि त्यांवर मापाच्या खुणा नव्हत्या. त्या दिवशी तंत्रज्ञानं पेट्रोल भरायचं का, असं विचारलं. तासाभराचंच उड्डाण आहे, म्हणून डेन्व्हर यांनी नको म्हटलं. मागच्या काचा दिसाव्यात म्हणून त्यानं त्यांना एक छोटा आरसा दिला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं तपास केला. कॉक फिरवायला उजवा हात दांड्यावरून काढून डाव्या खांद्यामागे न्यावा लागे. अंग असं वळलं की तोल सांभाळायला उजवा पाय आपोआप दाबला जाई, आणि त्या पायाखाली विमान वळवणारं पेडल होतं. मंडळाचा निष्कर्ष असा, की कॉक फिरवण्याच्या धडपडीत लक्ष विचलित झालं, पेडल दाबलं गेलं आणि विमान ताब्यातून सुटलं. पेट्रोल न भरणं, कॉकची अडचणीची जागा, खुणा नसलेल्या काचा आणि या विमानाचा अपुरा सराव, या साऱ्यांचा हातभारही मंडळानं नोंदवला.

इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं खाली येतं, असा आपला समज असतो. तसं नाही. सर्वसाधारण छोटं विमान एक किलोमीटर उंचीवरून, वारा नसेल तर, आठ-नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकतं. म्हणून वैमानिकाला शिकवतात: आधी विमान उडवत राहा. नाक सांभाळ, वेग राख, उतरायला मोकळी जागा हेर. मग टाकी बदल, पंप चालू कर. बोलणं त्यानंतर. पण उंचीच कमी असेल, तर यातलं काही करायला वेळ उरत नाही.

म्हणून खरी काळजी जमिनीवरच घ्यायची. काटा काय सांगतो यावर न विसंबता टाकीत पट्टी घालून पेट्रोल मोजायचं. टाकीच्या तळाशी पाणी साचतं, म्हणून थोडं काढून काचेच्या भांड्यात पाहायचं. मुक्कामाला पोहोचूनही दिवसा निदान अर्धा तास आणि रात्री पाऊण तास पुरेल इतकं पेट्रोल उरलं पाहिजे, असा अमेरिकेतला नियम आहे. आणि अनोळखी विमानात बसलं, की डोळे मिटून कॉकपर्यंत हात जातो का, हे आधी पाहायचं.

स्कूटरवर आपला हात न पाहताच कॉकवर जायचा, तो वर्षानुवर्षांच्या सवयीनं. डेन्व्हर यांना त्या विमानात ती सवय व्हायला वेळच मिळाला नाही. टाकी भरायला मात्र त्या दिवशी वेळ होता. कुणीतरी तसं विचारलंही होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)